अस, यू, देम : तक्त्यातली तीन सर्वनामं आणि त्यांच्यामागचा हजार वर्षांचा डेटा

इंग्रजीत अनेकवचनी कर्माची सर्वनामं फक्त तीन आहेत. अस, यू आणि देम. शाळेत आपण ती तक्त्यातून पाठ केली: 'वुई'चं 'अस', 'यू'चं 'यू', 'दे'चं 'देम'. नियमही एका ओळीत संपतो. क्रियापदाचं कर्म असेल, किंवा 'विथ', 'फॉर', 'बिटवीन' असा शब्द आधी असेल, तर ही रूपं वापरायची. म्हणून 'बिटवीन वुई' होत नाही, 'बिटवीन अस' होतं. वापर कसा करायचा एवढाच प्रश्न असेल तर उत्तर इथेच संपलं, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात म्हणून विचारते: हा तक्ता जरा विचित्र वाटत नाही का? पहिल्या ओळीतले दोन शब्द एकमेकांशी दिसायला काहीच जुळत नाहीत. मधल्या ओळीत एकच शब्द दोनदा आलाय. तिसऱ्या ओळीत मात्र सगळं जुळतं, फक्त शेवटी 'म' लागतो. मी सायन्सवाली. एखाद्या तक्त्यात एक ओळ शिस्तीत, एक बेशिस्त आणि एक रिकामी असल्यासारखी दिसली की मला वाटतं, या तीन नोंदी एका वेळी, एका पद्धतीने घेतलेल्या नसणार. इथे खरंच तसं झालंय. 'अस' हजारो वर्षं जुना आहे. 'यू'ने सोळाव्या शतकात दुसऱ्याची खुर्ची बळकावली. आणि 'देम' तर, पुस्तकांत सांगतात त्याप्रमाणे, परदेशातून बोटीतून आला.

सुरुवात बोटीपासूनच करू.

इ.स. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ते यायचे, लुटायचे आणि जायचे. ८६५ मध्ये मोठं सैन्य आलं आणि राहिलं. पुढच्या पंधरा वर्षांत या लोकांनी उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये जमिनी वाटून घेतल्या, शेती केली, स्थानिकांशी सोयरिकी केल्या. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्झबी या गावांच्या नावातला 'बी' हा त्यांचाच, अर्थ गाव किंवा वाडी. ते बोलत ती जुनी नॉर्स आणि स्थानिकांची जुनी इंग्रजी या चुलत बहिणी होत्या. मराठी आणि कोकणी माणूस जसे थोडं ऐकून, थोडं अंदाजाने एकमेकांचं समजून घेतात, तसं काहीसं तिथे चालत असावं. या शेजारातून इंग्रजीला 'स्काय', 'एग', 'विंडो', 'नाइफ', 'हसबंड', 'टेक' असे रोजचे शब्द मिळाले.

आता जुन्या इंग्रजीत 'त्यांना' कसं म्हणत? 'हिम' किंवा 'हेओम'. आणि 'त्याला'? तेही 'हिम'. कर्त्याच्या जागीही गोंधळच होता. 'तो'साठी 'हे', 'ती'साठी 'हेओ', 'ते'साठी 'हीए'. शतकं जातील तसे शेवटचे स्वर झिजत गेले आणि ही तिन्ही रूपं काही बोलींमध्ये ऐकायला जवळजवळ एक झाली. 'त्याने त्यांना मारलं' आणि 'त्यांनी त्याला मारलं' यात फरक कळेनासा झाला तर गावात भांडणं वाढणारच. नॉर्सकडे याच कामासाठी थ-ने सुरू होणारी, ठळक ऐकू येणारी मालिका होती: थेइर, थेइरा, थेइम. म्हणजे ते, त्यांचं, त्यांना. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी की इंग्रजांनी ही मालिका उसनी घेतली आणि तिचेच पुढे 'दे', 'देअर', 'देम' झाले.

उसनं घेणं यात काय विशेष, असं वाटेल. विशेष आहे. नामं कोणतीही भाषा उसनी घेते. मराठीने फारसी-अरबीतून दरवाजा, कागद, वकील, जमीन असे किती शब्द घेतले. पण 'आम्ही', 'तुम्ही', 'त्यांना' यांना कोणी हात लावला नाही. तीन-चारशे वर्षं दरबारात फारसी असूनही नाही. सर्वनामं हा भाषेचा पाया असतो, घर चालू असताना पायाचे दगड कोणी बदलत नाही. म्हणून 'देम' हे भाषाशास्त्रातलं लाडकं उदाहरण होऊन बसलं. इंग्रज आणि नॉर्स इतके मिसळले की सर्वनामसुद्धा बदललं, असं ते उदाहरण सांगतं.

पण मिसळले ते नवव्या-दहाव्या शतकात, मग 'देम' लंडनच्या पुस्तकात यायला पंधरावं शतक का उजाडलं? मला हा सगळा विषय याच प्रश्नामुळे आवडायला लागला.

पुरावा पाहू. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंकनशरमध्ये ऑर्म नावाचा एक धर्मोपदेशक होता. नाव नॉर्सच, अर्थ साप. त्याने बायबलमधल्या उताऱ्यांवर भलंमोठं पद्य लिहिलं. त्यातल्या सुमारे १९ हजार ओळी उरल्या आहेत. पद्य म्हणून ते फार कंटाळवाणं आहे, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. पण संशोधनासाठी सोनं. कारण ऑर्मला उच्चाराचं वेड होतं. ऱ्हस्व स्वरानंतरचं व्यंजन तो न चुकता दोनदा लिहायचा आणि पुढे नक्कल करणाऱ्यांनीही तसंच लिहावं अशी तंबी त्याने देऊन ठेवली आहे. आज या ग्रंथाची एकच प्रत आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, आणि ती त्याच्या स्वतःच्या हातची. म्हणजे मध्ये कोणी नकलनवीस आला नाही, डेटा थेट उपकरणातून मिळाल्यासारखा.

ऑर्म कर्त्याच्या जागी थ-वालं नवं रूप जवळपास नेहमी वापरतो. 'त्यांचं' म्हणायला बहुतेक वेळा नवं. आणि 'त्यांना' म्हणायला? तिथे जुना 'हेम' जास्त आणि नवं रूप कमी. त्यानंतर दोनशे वर्षांनी लंडनमध्ये चॉसर लिहीत होता, तो १४०० मध्ये वारला. त्याच्याकडे 'दे' आलाय, पण 'त्यांचं'साठी जुना 'हिर' आणि 'त्यांना'साठी जुना 'हेम' टिकून आहे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, तेव्हाही त्याच्या छापील पुस्तकांत 'हेम' आणि 'देम' शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

म्हणजे क्रम असा: आधी 'दे', मग 'देअर', सगळ्यांत शेवटी 'देम'. उत्तरेकडे आधी, दक्षिणेकडे नंतर. एकच मालिका, पण तिचे तीन तुकडे वेगवेगळ्या वेगाने सरकले.

हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते एका अफाट कामामुळे, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. एडिंबरात अँगस मॅकिंटॉश यांनी १९५२ मध्ये उत्तर-मध्ययुगीन इंग्रजीच्या नकाशासंग्रहाचं काम सुरू केलं. मायकेल सॅम्युएल्स आणि मायकेल बेन्स्किन त्यांच्याबरोबर होते. साधारण १३५० ते १४५० या काळातल्या हस्तलिखितांना एक ठरलेली प्रश्नावली लावायची, माणसाची मुलाखत घ्यावी तशी. 'त्यांना' कसं लिहिलंय? 'ती' कसं लिहिलंय? 'बरंच' कसं लिहिलंय? मग ज्या हस्तलिखितांचं गाव ठाऊक आहे ती नकाशावर मांडायची आणि ज्यांचं ठाऊक नाही ती आजूबाजूच्या रूपांशी जुळवून कुठे बसतात ते शोधायचं. चार खंड बाहेर आले ते १९८६ मध्ये. चौतीस वर्षं! आपल्याला सहा महिन्यांत प्रगती अहवाल द्यायचा असतो, त्या हिशोबाने हे वेगळ्याच ग्रहावरचं वाटतं. आता हा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो आणि 'देम'चा नकाशा उघडून हेम-देमची सीमारेषा स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते.

'देम' मागे का राहिला याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं आहे. कर्त्याची रूपं झिजून एकमेकांत मिसळली होती, तिथे बदलाची निकड होती. 'हेम'ची गत तितकी वाईट नव्हती, कारण तोपर्यंत 'हिम' एकवचनी आणि 'हेम' अनेकवचनी अशी फारकत झाली होती. गोंधळ कमी, म्हणून दबाव कमी. शिवाय कर्माचं सर्वनाम वाक्यात बहुधा आघाताशिवाय, घाईत उच्चारलं जातं. असे शब्द कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि म्हणून टिकतात.

आणि गंमत म्हणजे 'हेम' मेलेला नाहीच. इंग्रजी सिनेमात 'गेट एम' म्हणतात ना, त्यातला 'एम' म्हणजे 'देम'चा 'द' गाळलेला नाही. तो जुना 'हेम'च आहे, फक्त 'ह' गेलेला. नंतरच्या लोकांना वाटलं की हा 'देम'चाच तुकडा असणार, म्हणून त्यांनी आधी लोपचिन्ह टाकलं. आजही बहुतेक इंग्रजांचा तोच समज आहे.

इथपर्यंतची गोष्ट दीडशे वर्षं तरी अशीच शिकवली जात होती. मग २०१८ मध्ये 'डायक्रोनिका' या नियतकालिकात मार्सेल कोल यांचा लेख आला. त्यांचा दावा असा की 'दे-देअर-देम' नॉर्सकडून उसने घेतलेलेच नाहीत. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामं होतीच: था, थारा, थाम. म्हणजे 'ती माणसं', 'त्या माणसांचं', 'त्या माणसांना' यातले 'ती' आणि 'त्या'. उत्तरेकडच्या बोलींत हीच दर्शकं हळूहळू पुरुषवाचक सर्वनामं झाली, असं कोल उत्तरेकडच्या जुन्या लेखनातल्या वर्णलेखनावरून आणि वाक्यांतल्या जागांवरून मांडतात. दर्शकाचं सर्वनाम होणं जगभर घडतं, मग परदेशी बोट कशाला हवी?

हा लेख वाचताना मला वाटलं, इंग्रजी माणसाला हे पटवून द्यावं लागत असेल, आपल्याला कशाला? मराठीत 'तो आला' यातला 'तो' आणि 'तो मुलगा आला' यातला 'तो' एकच तर आहे. 'ते', 'त्या', 'त्यांना' सगळी मुळात दर्शकं. बोट दाखवायचा शब्दच आपण सर्वनाम म्हणून वापरतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्या मनातही येत नाही.

वाद मिटलेला नाही. नॉर्सच्या बाजूने भूगोल आहे, कारण नवी रूपं पहिल्यांदा नेमकी जिथे व्हायकिंग राहिले तिथे दिसतात. कोलच्या बाजूने हे आहे की सर्वनाम उसनं घेण्यासाठी विलक्षण कारण लागतं आणि घरात सामान पडलेलं असताना ते आणायची गरज नसते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात असं माझं मत झालंय: घरचं दर्शक होतंच, शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या रूपाने त्याला ढकललं. पण 'दोन्ही थोडं थोडं' हे उत्तर तपासायला सर्वांत अवघड असतं, हेही मला कळतं. कोणता पुरावा मिळाला तर ते चुकीचं ठरेल? हे सांगता येत नसेल तर ते मत झालं, गृहीतक नाही.

या वादात एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे. नॉर्स 'थेइर' असो की जुन्या इंग्रजीतला 'था', दोन्ही एकाच प्राचीन दर्शकापासून निघालेत आणि त्याच दर्शकापासून संस्कृतचा 'ते' आणि तिथून मराठीचा 'ते' आलाय. म्हणजे इंग्रजी 'दे' आणि मराठी 'ते' हे योगायोगाने सारखे नाहीत. नातेवाईक आहेत. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी आपलं नातं पक्कं.

आता 'अस'. याचाही मराठीशी संबंध आहे, फक्त तो चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. जर्मनमध्ये 'आम्हाला' म्हणजे 'उन्स'. इंग्रजीत मधला 'न' गेला आणि 'ऊस', पुढे 'अस' झालं. ही एकट्या शब्दाची लहर नव्हती. जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस'. जर्मन 'फ्युन्फ', इंग्रजी 'फाइव्ह'. 'स', 'फ', 'थ' यांच्या आधीचा 'न' इंग्रजीने सरसकट गाळला. 'न' परत बसवला की मागे जाता येतं. आद्य भारत-युरोपीय भाषेत या सर्वनामाचा धातू 'न्स' असा काहीसा मानतात. लॅटिनमध्ये तो 'नोस' झाला, संस्कृतात 'नः'. गायत्री मंत्रात जो 'नः' येतो तो हाच, तिथे अर्थ 'आमच्या'. त्याच धातूला प्रत्यय लागून 'अस्म' झालं, संस्कृतात 'अस्मान्', प्राकृतात 'अम्हे' आणि मराठीत 'आम्ही'. म्हणजे 'अस' आणि 'आम्हा' हे मूळचे एकच. एकाने 'न' टाकला, दुसऱ्याने 'स'चा 'ह' केला, आणि दोघं रस्त्यात भेटले तर ओळखणार नाहीत.

'अस'च्या बाबतीत मराठी माणसाला खरी अडचण वेगळीच येते. आपल्याकडे 'आम्हाला' आणि 'आपल्याला' असे दोन शब्द आहेत. 'आम्हाला'मध्ये ऐकणारा बाहेर, 'आपल्याला'मध्ये तो आत. इंग्रजी 'अस'ला हा भेद कळत नाही. 'द प्रोफेसर विल मीट अस' म्हटलं तर समोरच्याने चहा संपवून बरोबर यायचं की बसून राहायचं? इंग्रजीत हा भेद एकाच फटीतून डोकावतो. 'लेट्स गो' असं जोडून म्हटलं तर समोरचा धरलेलाच आहे, चला जाऊ या. 'लेट अस गो' असं सुटं म्हटलं तर 'आम्हाला जाऊ द्या' असाही अर्थ निघतो. अपहरण झालेली माणसं 'लेट्स गो' म्हणत नाहीत. उलट जुन्या इंग्रजीत आपल्याकडे नसलेली एक सोय होती: 'आम्हा दोघांना' असं सांगायला 'उंक' आणि 'तुम्हा दोघांना' सांगायला 'इंक'. संस्कृतातल्या द्विवचनासारखंच. तेराव्या शतकापर्यंत तीही गेली. द्विवचन आपल्याकडेही प्राकृतातच संपलं होतं.

राहिला 'यू', आणि बदल कसा मोजायचा हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

जुना तक्ता मधल्या ओळीतही शिस्तीचा होता. कर्ता 'यी', कर्म 'यू'. म्हणजे तुम्ही आणि तुम्हाला. १६११ मध्ये छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये हा भेद बहुतेक ठिकाणी काटेकोर पाळलेला दिसतो. पण त्याच काळात शेक्सपिअर लिहीत होता आणि त्याच्याकडे 'यू' राजरोस कर्ता झालेला आहे. बायबलची भाषा मुद्दाम जुनी ठेवली होती, ती बरीचशी विल्यम टिंडेलच्या त्याआधीच्या पिढ्यांतल्या भाषांतरावर उभी होती. तेव्हा फक्त बायबल वाचून १६११ ची इंग्रजी कशी होती हे सांगायला गेलात तर फसाल. नमुना कुठून घेतला यावर उत्तर ठरतं.

मग चांगला नमुना कोणता? हेलसिंकीच्या टेर्टू नेवालाइनेन आणि हेलेना राउमोलिन-ब्रुनबर्ग यांनी पत्रं निवडली. पंधराव्या ते सतराव्या शतकातली सुमारे सहा हजार खासगी पत्रं, जवळपास २७ लाख शब्द. प्रत्येक पत्र कोणी लिहिलं, स्त्री की पुरुष, कुठल्या थरातली, कुठल्या भागातली, कोणाला लिहिलं, याची नोंद. मग कर्त्याच्या जागी 'यी' किती आणि 'यू' किती एवढंच मोजायचं. आलेख आला तो आपल्या ओळखीचा एस-वक्र: सुरुवातीला सपाट, मध्ये एकदम चढ, शेवटी पुन्हा सपाट. सोळाव्या शतकाच्या आरंभी 'यू' कर्ता म्हणून तुरळक, शतक संपता संपता 'यी' तुरळक. दोन-तीन पिढ्यांत एक सर्वनाम गेलं. आणि या बदलात स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या. ज्यांना शाळेत फारसं घातलं जात नव्हतं, त्यांनी इंग्रजीचं आजचं सर्वनाम आधी स्वीकारलं.

अर्थात इथेही एक अडचण आहे. त्या काळात बऱ्याच स्त्रिया पत्र सांगून लिहून घेत. मग ते रूप तिचं की कारकुनाचं? या अभ्यासकांना पत्र कोणाच्या हातचं आहे याचाही विचार करावा लागला. तुम्ही पुढे कुठलाही जुना डेटा वापराल तेव्हा हा प्रश्न येणारच: हे कोणी नोंदवलं?

कर्माचं रूप कर्त्याच्या खुर्चीत बसलंच कसं? एक कारण, घाईत 'यी' आणि 'यू' दोन्ही सारखेच ऐकू येतात. दुसरं कारण मराठी माणसाला जास्त चटकन कळेल. जुनी इंग्रजी 'मला आवडतं' याच थाटाची होती. 'मीथिंक्स' म्हणजे शब्दशः 'मला वाटतं'. 'इफ यू प्लीज'चा मूळ अर्थ 'तुम्हाला रुचत असेल तर' असा आणि त्यातला 'यू' हा कर्ता नव्हता, 'तुम्हाला' होता. डॅनिश अभ्यासक ऑटो येस्पर्सन याने राजा आणि नासपतीचं उदाहरण दिलंय. जुन्या इंग्रजीत रचना 'राजाला नासपत्या आवडल्या' अशी, क्रियापद नासपत्यांप्रमाणे चालणारं, अगदी आपल्यासारखं. पुढे 'राजाला'मधला 'ला' झिजला. राजा वाक्यात पहिला असल्याने लोकांना तोच कर्ता वाटला. 'यू'चंही तेच झालं. 'तुम्हाला' वाक्याच्या तोंडाशी बसून बसून 'तुम्ही' झाला. मराठीत 'ला' शाबूत राहिला म्हणून आपल्याकडे हे घडलं नाही.

कर्माच्या रूपाने कर्त्याला हटवण्याचा प्रकार पुन्हाही झाला. 'यू' एका माणसालाही आदरार्थी वापरायला लागले, आपल्या 'तुम्ही'सारखंच, आणि 'दाऊ' हा 'तू' मागे पडला. क्वेकर पंथाच्या लोकांनी याला विरोध केला. देवासमोर सगळे सारखे, मग एकाला अनेकवचन का? १६६० मध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी अनेक भाषांची उदाहरणं देऊन यावर एक जाडजूड पुस्तक काढलं. मोठ्यांना 'तू' म्हटल्याबद्दल या लोकांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. पण पुढे अमेरिकेतले क्वेकरच कर्त्याच्या जागी 'दाऊ' सोडून 'दी' म्हणायला लागले, म्हणजे 'तू'च्या जागी 'तुला'. ज्यांनी सर्वनामासाठी मार खाल्ला त्यांचंही सर्वनाम घसरलंच.

यानंतर व्याकरणकार आले. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण निघालं. त्याचं म्हणणं, 'टु बी' या क्रियापदानंतर नेहमी कर्त्याचंच रूप हवं. म्हणजे दार वाजवल्यावर 'इट इज अस' नाही, 'इट इज वुई' म्हणायचं. हा नियम लॅटिनच्या धाटणीचा आहे, इंग्रज दारावर असं बोलत नव्हते. त्याच्या एक वर्ष आधी, १७६१ मध्ये, आणखी एका माणसाने इंग्रजी व्याकरण छापलं होतं आणि त्याचा कल बरोबर उलटा होता: चांगले लेखक आणि बोलणारी माणसं जे वापरतात तेच प्रमाण. तो माणूस म्हणजे जोसेफ प्रीस्टली. हो, तोच, १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा करणारा, सोडावॉटरवाला. रसायनशास्त्रात त्याची थिअरी चुकली, फ्लॉजिस्टन त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. पण भाषेत आधी निरीक्षण करा आणि मग नियम सांगा, हा त्याचा आग्रह आज कुठल्याही भाषाशास्त्राच्या वर्गात मान्य होईल. सेमिनारमध्ये कोणी 'इट वॉज देम' म्हटलं की गालात हसणारे लोक अजून भेटतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं त्या हसण्याला घाबरून प्रश्नच विचारत नाहीत, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. हसणाऱ्यांना सांगायला प्रीस्टली बरा पडतो.

प्रबंध लिहिताना हा इतिहास दोन ठिकाणी आडवा येतो. एक, एकट्याने केलेल्या कामात 'वुई' आणि 'अस' वापरायचं का. १९७५ मध्ये जॅक हेथरिंग्टन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हेलियम-३ वरचा पेपर पूर्ण टाइप केला, सगळीकडे 'वुई'. सहकारी म्हणाला, एकटाच लेखक असेल तर 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'वाले 'वुई' चालवून घेत नाहीत. टाइपरायटरचे दिवस, पुन्हा सगळं टाइप कोण करणार? हेथरिंग्टनने आपल्या मांजराला सहलेखक केलं, चेस्टर नाव लपवायला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन. पेपर छापून आला. तुमच्या गाइडना हा उपाय सुचवू नका, आधी त्यांच्या विषयातले पेपर काय करतात ते बघा.

दुसरं, एका माणसासाठी 'देम'. 'इच पार्टिसिपंट... गिव्ह देम' असं लिहिलं की लाल पेन फिरतं. पण अनिश्चित एकवचनासाठी 'दे' चौदाव्या शतकापासून लिहिलं जातंय, आणि त्याला चूक ठरवणारे व्याकरणकार चारशे वर्षांनी आले. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये कायदाच केला की कायद्यांमध्ये पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या, म्हणजे 'हिम' सर्वांसाठी. आता चाक उलटं फिरलंय. मानसशास्त्रवाल्या एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने एकवचनी 'दे-देम' मान्य केलंय. तुमचं विद्यापीठ एपीए शैली मागत असेल तर लाल पेनाला ती आवृत्ती दाखवा. आदराने एकाला 'त्यांना' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात एवढं दचकण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

आणि ज्यांना अजून विषय सापडलेला नाही त्यांच्यासाठी एक. जुन्या मराठीत 'तुम्हांस', 'आम्हांस', 'त्यांस'. आज बोलताना 'तुम्हाला', 'आम्हाला', 'त्यांना'. 'स' कधी मागे पडला, कुठे आधी, कोणाच्या लेखणीतून? हेलसिंकीवाल्यांकडे सहा हजार पत्रं होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर पडून आहे. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले, ते देवनागरीतच आहेत, मोडी येत नसली तरी सुरुवात करता येईल. पत्र कारकुनाच्या हातचं की मालकाच्या, ही अडचण इथेही येणार, दरबारी मायना वेगळा आणि आतला मजकूर वेगळा अशी भरही पडणार. मोजायला फक्त दोन रकाने लागतील, 'स' आणि 'ला'. कोणी हात घातलात तर पहिला आलेख मला जरूर पाठवा.